स्वसंरक्षणाचा हक्क आणि फोटोची साक्ष

'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' असे आपण सहज म्हणून जातो. जे डोळ्यांना दिसते त्याला आणखी पुरावा नको, असा त्या म्हणीचा अर्थ. आता तर प्रत्येकाच्या खिशात एक आरसा आला आहे, आणि तो पाहिलेले साठवूनही ठेवतो. गावात मारामारी झाली की सोडवायला धावणारे दोघे आणि मोबाइल वर धरणारे दहा, असे दृश्य दिसते. संध्याकाळपर्यंत तो फोटो पंचक्रोशीत पोचतो आणि पारावर निकालही लागून जातो. "अहो, फोटोत स्वच्छ दिसतंय की! आता कोर्ट आणखी काय बघणार?"

वाचकहो, कोर्ट आणखी काय बघते आणि का बघते, हेच आज सांगायचे आहे. आरोपी जेव्हा म्हणतो, "मी मारलं हे खरं, पण जीव वाचवण्यासाठी मारलं," तेव्हा फोटोची साक्ष कुठवर जाते आणि कुठे अडते, हा आपला विषय. त्यासाठी थोडे मागे जाऊन दोन वाटा पाहाव्या लागतील. एक स्वसंरक्षणाच्या कायद्याची आणि दुसरी फोटोच्या पुराव्याची. पुढे या दोन्ही वाटा एका खटल्यात एकत्र येतात.

पहिली वाट आधी पाहू. अंगावर कोणी धावून आले तर हात उगारायचा, ही तर निसर्गाचीच शिकवण. कायद्याने मात्र ती सहजासहजी मान्य केली नाही. जुन्या इंग्लंडात स्वतःचा जीव वाचवताना समोरच्याचा प्राण गेला, तर मारणाऱ्याला राजाकडे माफी मागावी लागे. माफी मिळे, पण त्याची चीजवस्तू सरकारजमा होण्याची तरतूद होती. ती तरतूद इंग्लंडच्या कायद्यातून १८२८ साली गेली. म्हणजे जीव वाचवणे हा हक्क नव्हता, ती राजाने केलेली कृपा होती.

आपल्याकडे १८३४ साली लॉर्ड मेकॉले यांच्या अध्यक्षतेखाली पहिला विधि आयोग बसला आणि १८३७ साली दंड संहितेचा मसुदा तयार झाला. त्या मसुद्याच्या टिपणात आयोगाने म्हटले आहे, की या देशातले लोक अन्याय मुकाट्याने सोसतात, तेव्हा स्वसंरक्षणाच्या हक्कावर बंधने वाढवण्यापेक्षा लोकांत मर्दानी बाणा जागवणे बरे. परक्या राज्यकर्त्याने जिंकलेल्या लोकांविषयी असे लिहावे यात तोरा आहेच. देश कोणी दुबळा केला, हा प्रश्न त्या टिपणात नाही. पण परिणाम मात्र चांगला झाला. १८६० साली मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ अशी अकरा कलमे याच विषयाला मिळाली. खासगी बचावाचा हक्क बजावताना केलेली कोणतीही कृती अपराध नाही, असे पहिल्याच कलमाने सांगून टाकले. कृपेच्या जागी हक्क आला.

हा हक्क फक्त स्वतःच्या देहापुरता नाही. दुसऱ्याचा जीव आणि आपली किंवा दुसऱ्याची मालमत्ता यांसाठीही तो आहे. मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही तो पोचू शकतो. २०१३ च्या दुरुस्तीने ॲसिडहल्ल्याचाही त्यात समावेश केला. ही गोष्ट आपल्या लेकीबाळींना माहीत असायला हवी. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यात हीच अकरा कलमे, किरकोळ फेरफारांसह, ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली आहेत. नाव बदलले, क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला.

पण हक्क म्हटला की त्याला बांध आलाच. पहिला बांध असा, की सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला पुरेसा वेळ असेल तर हा हक्क नाही. दुसरा बांध, बचावासाठी जेवढी गरज तेवढीच इजा करता येते. तिसरा बांध वेळेचा. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, आणि भीती सरली की तोही संपतो.

या तिसऱ्या बांधाचे एक उदाहरण खेड्यापाड्यांत जरूर सांगावे असे आहे. पंजाबातील शेतजमिनीच्या वादातून उद्भवलेला 'जयदेव विरुद्ध पंजाब राज्य' हा खटला १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. हल्ला झाल्यावर माणसाने आधी पळ काढलाच पाहिजे, असा आपल्या देशात नियम नाही. मात्र समोरचे लोक पांगून पळू लागले, की धोका संपला आणि हक्कही संपला. पळणाऱ्यावर झाडलेली गोळी ही बचावाची गोळी नव्हे. त्या खटल्यातील आरोपींचा बचाव इथेच कोसळला.

न्यायालये याबाबतीत कठोर आहेत असे मात्र समजू नका. मरणाच्या भीतीत सापडलेल्या माणसाने किती जोराने मारले, हे सोनाराच्या काट्यावर तोलायचे नसते, असे त्यांनी वारंवार सांगितले आहे. १९६८ सालच्या मुन्शीराम खटल्यात तर सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा तोंडाने काढला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने त्याचा विचार करावा. हा बचाव पुढे आणण्याची जबाबदारी आरोपीवर असते, हे खरे. पण सरकार पक्षाप्रमाणे निःसंशय सिद्ध करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. आपले म्हणणे संभवनीय आहे एवढे दाखवले, तरी पुरते.

आता दंड संहितेच्या दाखल्यांत असतात तसे 'अ' आणि 'ब' आपणही घेऊ. शेताच्या बांधावर दोघांचे भांडण जुंपले आहे. फोटोत दिसते ते असे: 'अ'च्या हातात उगारलेली काठी आहे, 'ब' जमिनीवर पडला आहे आणि त्याच्या डोक्यातून रक्त वाहते आहे. पारावरचा निकाल काय लागेल, ते सांगायला नको. पण समजा, फोटो निघण्यापूर्वी दोन क्षण 'ब'ने कोयता उगारला होता, काठीच्या पहिल्या फटक्याने तो त्याच्या हातून उडाला आणि पिकात पडला. आता 'अ' काय ठरतो? आणखी समजा, की कोयता उडाल्यावर आणि 'ब' पडल्यावर 'अ'ने दुसरा फटका मारला. आता काय? तीनही गोष्टींना फोटो एकच आहे, आणि उत्तरे मात्र तीन. पहिल्या गोष्टीत 'अ' गुन्हेगार दिसतो, दुसरीत निर्दोष आणि तिसरीत पुन्हा दोषी. कदाचित मर्यादा ओलांडल्यामुळे कमी दोषी, पण दोषीच.

न्यायाधीशाला प्रश्न पडतात ते हे: कळ कोणी काढली? भीती खरी आणि वाजवी होती का? ती कोणत्या क्षणी संपली? फोटो एक क्षण पकडतो. भीती मनात असते आणि मनाचा फोटो निघत नाही. पाठमोरा माणूस पळतो आहे की हत्यार घ्यायला वळला आहे, हे एकट्या फोटोवरून सांगता येत नाही. व्हिडिओने ही अडचण कमी होते हे खरे. पण व्हिडिओलाही सुरुवात असते आणि कडा असतात. मोबाइल बाहेर निघतो तो बहुधा भांडण पेटल्यावरच, आणि कळ काढण्याचा क्षण त्याआधीच निघून गेलेला असतो.

आता दुसरी वाट. छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि लवकरच हिंदुस्थानात आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८७२ साली पुरावा अधिनियम झाला, तेव्हा त्याने ही नवी कला दुर्लक्षिली नाही. छापलेले, शिळाप्रेसवर काढलेले किंवा फोटोने उतरवलेले शब्द हे दस्तऐवजच होत, असे त्याने म्हटले. मूळ कागदाचा फोटो हा दुय्यम पुरावा. मात्र ज्याचा फोटो काढला तो कागद मूळचाच होता, हे सिद्ध झाले पाहिजे. ही अट लहान दिसते, पण पुढची दीडशे वर्षे सारा वाद त्याच अटीभोवती फिरला आहे.

फिल्मच्या काळात ही अट पुरी करणे सोपे होते. फोटोग्राफर साक्षीला यायचा, सोबत निगेटिव्ह आणायचा. "हा फोटो मी काढला, ही त्याची निगेटिव्ह," असे शपथेवर सांगायचा आणि उलटतपासणीला उभा राहायचा. निगेटिव्हमध्ये फेरफार करणे अगदी अशक्य नव्हते, पण जाणकाराच्या नजरेतून ते सुटणे अवघड होते. मुंबईतल्या मलकानी खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने टेपरेकॉर्डरवरील संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य मानले, तेव्हा दाखला दिला तो फोटोचाच. घडल्या प्रसंगाचा फोटो जसा, तसाच घडल्या संभाषणाचा टेप, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे तोवर फोटो हा न्यायालयाच्या ओळखीचा, प्रतिष्ठित साक्षीदार झाला होता.

डिजिटल फोटोने हे सारे बदलले. त्याला निगेटिव्ह नाही. तो म्हणजे आकड्यांची यादी, आणि त्या यादीच्या शंभर नकला काढल्या तर मूळ कोणती आणि नक्कल कोणती हे दिसण्यावरून कळत नाही. यादीतले चार आकडे बदलणे तर पोरासोरांनाही जमते. म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर २००० साली पुरावा अधिनियमात कलम ६५-ब आले. संगणकातून काढलेली प्रत दाखल करायची तर ती कोणत्या यंत्रातून, कशी निघाली, याचे जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र हवे, असा नियम झाला.

हे प्रमाणपत्र सक्तीचे की ऐच्छिक, यावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका तीनदा बदलली. २००५ साली ते म्हणाले, प्रमाणपत्र नसले तरी अन्य मार्गाने पुरावा देता येईल. २०१४ साली म्हणाले, प्रमाणपत्र हवेच. २०१८ साली पुन्हा सूट दिली. हा गोंधळ मिटला तो आपल्या मराठवाड्यातल्या एका खटल्यात. खटला फौजदारी नव्हता, निवडणुकीचा होता. २०१४ साली जालना विधानसभा मतदारसंघात विजयी उमेदवार अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा आक्षेप होता, आणि त्याला आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओचित्रणाचा. चित्रणाच्या प्रती मिळाल्या, पण मागूनही प्रमाणपत्र मिळेना. १४ जुलै २०२० रोजी 'अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, की प्रतीसाठी प्रमाणपत्र सक्तीचेच आहे. मात्र ज्या यंत्रात मूळ नोंद झाली तेच यंत्र घेऊन त्याचा मालक साक्षीला आला, तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि सारे प्रयत्न करूनही अधिकारी ते देत नसेल, तर मागणाऱ्याला दोष लागत नाही.

२०२४ पासून पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात यंत्राच्या जबाबदार व्यक्तीबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते आणि त्या फाइलीचा 'हॅश' नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे काय? पूर्वी खलित्यावर लाखेचा शिक्का मारीत, तसा हा आकड्यांचा शिक्का समजा. फाइलीतील सगळ्या आकड्यांवरून गणिताने एक लांबलचक संख्या काढतात. फोटोतला एक ठिपका बदलला, तरी ही संख्या बदलून जाते. शिक्का शाबूत तर खलिता शाबूत. पण एक ध्यानात ठेवा: शिक्का खलिता बदलला नाही एवढेच सांगतो. खलित्यात लिहिले ते खरे आहे, किंवा पुरते आहे, असे तो सांगत नाही.

इथवर आपण दोन वाटा वेगवेगळ्या पाहिल्या. त्या समोरासमोर आल्या तो खटला आपल्या देशातला नाही, अमेरिकेतला आहे. पण दोन्ही प्रश्न एकाच दालनात इतके स्पष्ट दिसण्याचा योग विरळा, म्हणून तिकडे जाऊ. विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा या गावी पोलिसांनी एका कृष्णवर्णीय माणसावर गोळ्या झाडल्या आणि ऑगस्ट २०२० मध्ये तिथे दंगल उसळली. २५ ऑगस्टच्या रात्री काइल रिटनहाऊस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा, दुकानांचे रक्षण करायला म्हणून, रायफल घेऊन रस्त्यावर होता. त्याने तिघांवर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, एक जखमी झाला. मुलाचे म्हणणे असे, की जमाव पाठीस लागला होता आणि मी जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली.

तिथल्या कायद्याने आरोपीने बचावाचा मुद्दा उभा केला की तो खोडण्याचे ओझे सरकार पक्षावर पडते. पण ज्याने स्वतः बेकायदा वागून कळ काढली, त्याचा हा हक्क कमी होतो. म्हणून सारा प्रश्न येऊन ठेपला पाठलागापूर्वीच्या एका क्षणावर: मुलाने आधी कोणावर रायफल रोखली होती का? सरकारी वकील म्हणाले, होय, आकाशातल्या ड्रोनने टिपलेल्या चित्रात ते दिसते. पण त्या चित्रात मुलाची आकृती अगदी चिमुकली होती. ती मोठी करून दाखवायची होती, आणि तिथेच बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली.

ही हरकत समजायला आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आठवा. डिजिटल फोटो असाच ठिपक्यांचा असतो. रांगोळी चौपट मोठी करायची तर ठिपके लांब लांब जातात आणि मधल्या रिकाम्या जागी नवे ठिपके घालावे लागतात. ते कुठून आणायचे? यंत्र शेजारच्या ठिपक्यांचा रंग पाहून मधल्याचा रंग गणिताने ठरवते. म्हणजे मोठ्या केलेल्या चित्रातले पुष्कळ ठिपके कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसतात. ढोबळ आकृतीला त्याने बाध येत नाही. पण रायफलीची नळी काही ठिपक्यांचीच असेल, आणि ती उजवीकडे वळली की डावीकडे यावर माणसाची जन्मठेप ठरणार असेल, तर?

न्यायाधीश ब्रूस श्रोडर यांनी मोठे केलेले चित्र विश्वसनीय आहे हे दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षावर टाकली. राज्याच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची साक्ष झाली. चित्र मोठे करताना ठिपक्यांची भर पडते, हे त्यानेही मान्य केले. अखेर ते चित्र ज्यूरीपुढे ठेवू दिले. पुढे आणखी एक तंटा निघाला: बचाव पक्षाला मिळालेली ड्रोनच्या चित्रणाची प्रत मूळ फाइलीच्या सुमारे एक तृतीयांश आकाराची होती, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना चित्र आक्रसले होते आणि बारकावे गळाले होते. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी बारा जणांच्या ज्यूरीने मुलाला उरलेल्या सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. ज्यूरी कारणे देत नाही, म्हणून त्या चित्राचे वजन किती पडले हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या निकालावर अमेरिकेत दोन तट पडले. निकाल कोणाला पटो वा न पटो; चित्रालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली, हे मात्र योग्यच झाले.

यावरून फोटोचा पुरावा कुचकामाचा, असा अर्थ कोणी काढू नये. कधी कधी फोटोच नसणे बोलके ठरते. वाराणसीच्या एका हॉटेलात झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात कॅमेरे होते, पण त्यांचे चित्रण सरकार पक्षाने न्यायालयात आणलेच नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उत्तम प्रतीचा पुरावा असल्याचे सांगून, तो दडवल्याबद्दल सरकार पक्षाविरुद्ध अनुमान काढले आणि जन्मठेप झालेले दोन परदेशी तरुण सुटले. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांना झडती आणि जप्तीचेही चित्रण करायला सांगितले आहे. तेव्हा कॅमेरा आरोपीचा शत्रू किंवा फिर्यादीचा मित्र असे काही नाही. तो एक साक्षीदार आहे. चांगल्या साक्षीदाराला आपण तीन प्रश्न विचारतो: तू कुठे उभा होतास? तुला काय दिसले नाही? त्यानंतर तू कोणाकोणाशी बोललास? फोटोलाही हेच विचारायचे: कोणत्या कोनातून आणि किती अंतरावरून निघाला? चौकटीच्या बाहेर आणि क्षणाच्या आधी काय होते? कोणाकोणाच्या हातांतून इथवर आला?

म्हणून मंडळी, एखाद्या घटनेचा फोटो तुमच्याकडे असेल, तर तो कापू नका, उजळू नका, त्यावर बाण-वर्तुळे काढू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो सहसा आक्रसलेला असतो आणि त्यातली तारीख-वेळेची मूळ नोंदही पुसली जाते. तेव्हा पाठवलेली प्रत जपून मूळ फाइल पुसून टाकणे, म्हणजे दाणे टाकून फोलपटे राखणे होय. ज्या मोबाइलने फोटो काढला तो आणि त्यातली मूळ फाइल जपा, आणि पोलिसांना दिल्यास रीतसर पंचनामा करून द्या. कोयत्याचा पहिला वार तुम्ही डोळ्यांनी पाहिला असेल आणि फोटोत तो नसेल, तर साक्षीला जायला कचरू नका. 'फोटो आहे ना, मग मी कशाला?' असे म्हणून घरी बसलेला माणूसच कित्येकदा निरपराध्याला तुरुंगात धाडतो किंवा गुन्हेगाराला मोकळा सोडतो.

शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्तमानपत्रातला एखादा फोटो वर्गात फळ्यावर लावावा आणि मुलांना पाटीवर दोन रकाने आखायला सांगावेत. एकात 'मला दिसते ते', दुसऱ्यात 'मला वाटते ते'. पहिला रकाना किती लहान आणि दुसरा किती लांब होतो, हे मुलांचे मुलांनाच कळेल. उद्या हीच मुले साक्षीदार होणार आहेत, पोलीस आणि वकील होणार आहेत, एखादे न्यायासनावरही बसेल. दिसते ते आणि वाटते ते यांत अंतर ठेवण्याची सवय त्यांना आज लागली, तर कोणा 'अ'चे आयुष्य एका क्षणाच्या चित्रावर ओवाळून टाकले जाणार नाही, आणि कोणा 'ब'चे रक्तही फुकट जाणार नाही.